मला आभारात बसवलं

"उद्या तुमचं ते कोळी लुगडं नेसून ये. पाहुण्यांना कम्युनिटी दिसली पाहिजे ना."

माझे गाईड असलेले सर भर लॅबमध्ये म्हणाले. दुसऱ्या दिवशी आमचा प्रकल्प बघायला बाहेरचे पाहुणे येणार होते. मी पीएचडीच्या चौथ्या वर्षात होते. उपग्रहाच्या फोटोंवरून किनाऱ्याजवळचं पाणी कुठे गढूळ, कुठे नितळ ते ओळखायचं, हा आमचा प्रकल्प. अवकाशविज्ञान, समुद्र, समाजशास्त्र, सगळं एकत्र. समाज म्हणजे मी.

"आणि प्रेझेंटेशन?" मी विचारलं.

"ते निखिल करेल. त्याचं इंग्रजी स्मूद आहे. तू पुढच्या रांगेत बस."

सगळे हसले, माझ्यासोबत पीएचडी करणारा निखिलही. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

काम माझं होतं. सुरुवातीला आम्ही महिन्याभराचे फोटो एकत्र करून सरासरी काढायचो. नकाशात नुसता गाळ. मी तो वेसाव्याला घरी नेला. बाबांची बोट आहे, चाळीस वर्षं समुद्रावर काढली आहेत त्यांनी. त्यांनी एकदाच बघितलं.

"बाय, उधानाचं पानी नि भांगाचं पानी येगलं. एकात कालवलंस तू."

माझी मला लाज वाटली. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीचा भांग म्हणजे छोटी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. उपग्रह रोज साधारण एकाच वेळी येतो, भरती मात्र रोज पुढे सरकते. पण तिथी तीच असेल तर त्या वेळेचं पाणीही तेच. मी फोटो तिथीप्रमाणे लावले. नकाशा स्वच्छ झाला.

सरांनी तिथीचा रकाना पाहिला. "पंचांग घेऊन विज्ञान करायला बसलीस?" म्हणाले, आणि काढायला लावला.

सहा महिन्यांनी तोच रकाना निखिलच्या स्लाइडवर आला. नाव 'चंद्रकला'. पेपरच्या मसुद्यात लेखक सर आणि निखिल. मी कुठे होते? शेवटच्या पानावर. "वेसाव्याच्या कोळी बांधवांचे आभार." झालं.

पाहुणे आले त्या दिवशी मी जीन्स-कुर्त्यातच गेले. लुगडं माझी आई रोज नेसते. नेसून ती अंधेरीच्या बाजारात मासळी विकते, कुणाला दाखवायला नाही नेसत.

एका पाहुण्या बाईंनी निखिलला विचारलं, "अष्टमीचे फोटो वेगळे का काढलेत?" निखिलने सरांकडे बघितलं. सरांनी स्क्रीनकडे. मी उठले.

"मी सांगते. हे काम माझं आहे."

"खाली बस," सर म्हणाले. "कम्युनिटीचं सत्र जेवणानंतर आहे."

मी बसले नाही. भरती, तिथी, बाबा, सगळं सांगितलं, माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत. त्या बाईंनी लिहून घेतलं.

नंतर सर केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "करिअरचा विचार कर."

केला. फोटो तिथीप्रमाणे लावणाऱ्या कोडच्या प्रत्येक बदलावर माझं नाव आणि तारीख आहे. ते सगळं विद्यापीठाच्या तक्रार समितीकडे दिलं. सोबत लेखी मागणी. पहिली लेखक मी, दुसरे माझे बाबा. त्यांना सही करता येते. नाहीतर त्यांनी सांगितलेल्या उधाण-भांगाच्या फरकावर उभा राहिलेला एकही आकडा छापायला आमची संमती नाही.

निखिल म्हणाला, "यार, गाईड गेला तर तुझी वाट लागेल."

लागू दे. दुसरा गाईड शोधेन, पुन्हा पहिल्या वर्षापासून करेन. माझं काम दुसऱ्याच्या नावावर जाऊ देणार नाही.