सशाची रोझरी

ससा बायकोचा. ती गेली आणि तो माझ्या गळ्यात पडला. वयात आल्यावर तर त्याने ताळच सोडला. सोफ्यावर मुतायचा, माझ्या पायाला चिकटून नको ते चाळे करायचा. लेक म्हणाली, "पप्पा, नसबंदी करून घ्या त्याची."

"घरात एवढाच एक मर्द उरलाय, त्याचंही कापा," मी म्हटलं. पण नेला.

गोखिवऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन केलं. ससा हातात देताना म्हणाल्या, "आजोबा, टाके ठीक आहेत. पण सशाचं पोट थांबलं की ससा गेला. आज त्याने खाल्लं पाहिजे, सकाळी लेंड्या दिसल्या पाहिजेत. नाहीतर लगेच घेऊन या."

घरी, उमेळ्याला आणला. खोक्यात तोंड खुपसून बसला. आमच्याकडे ऑपरेशन म्हटलं की पेज, मग अपेंडिक्स असो की मोतीबिंदू. मी पेज केली, मीठ घातलं, फुंकून गार केली, बशी पुढे ठेवली. त्याने नाक बुडवलं आणि शिंकला. सगळी पेज माझ्या चष्म्यावर.

लेकीचा फोन आला. "पप्पा, पेज कसली देता? गवत द्या!"

"दिलंय. बघत पण नाही."

"मग मम्मी देते तशी कोथिंबीर द्या." 'देते' म्हणाली, 'द्यायची' नाही.

वाडीतून कोथिंबीर खुडून आणली. त्याने तोंड फिरवलं. तिच्या हाताची सवय असलेला जीव घरात तेवढाच होता.

तेवढ्यात देवळाची संध्याकाळची घंटा झाली. या वेळेला ती माळ घेऊन रोझरीच्या प्रार्थनेला बसायची, ससा मांडीशी. शेवटचं आमेन झालं की त्याला कोथिंबीर. ती गेल्यापासून तिची माळ खुंटीलाच होती. मी देवावर रुसलो होतो, खोटं कशाला बोलू.

माळ काढली, खोक्याशेजारी बसलो, सुरुवात केली. एक कान उभा राहिला! मग मी लबाडी केली. मधल्या मण्यांच्या नमो मरिया गाळल्या आणि थेट आमेन. कोथिंबीर पुढे केली, तर बेट्याने ढुंकून पाहिलं नाही.

"तिच्यासारखाच आहेस," म्हटलं आणि परत पहिल्यापासून धरली. या वेळच्या आमेनला तो सरकत कडेला आला, माझी बोटं नाकाने ढकलली, आणि कुरुम कुरुम सुरू.

सकाळी टॉवेलवर लेंड्याच लेंड्या! गोल, हरभऱ्याएवढ्या. मी लेकीला फोन लावला. "हगला गं, हगला!"

"पप्पा, मी ऑफिसात आहे. फोन स्पीकरवर आहे."

"असू दे. त्यांनाही कळू दे."

आता टाके सुकलेत, सोफा कोरडा आहे. घंटा झाली की तो माझ्या आधी रोझरीला जाऊन बसतो. परवा तव्यावर बोंबील होते म्हणून मी भराभर उरकायला गेलो. त्याने मागचा पाय धाडकन आपटला.

बोंबील जळले. रोझरी पूर्ण झाली.