पोट दाबू नये

मुलगी तीन वर्षांची होती. तिला अंघोळ घालताना बायकोच्या हाताला पोटात उजव्या बाजूला काहीतरी कडक लागलं. मुलीला दुखत नव्हतं. ती पाणी उडवत होती. आम्ही तेव्हा विश्रांतवाडीला राहायचो. पुढच्या महिन्यात माझी सॉफ्टवेअर कंपनी मला अमेरिकेला पाठवणार होती. व्हिसाही झाला होता.

सोनोग्राफी झाली. मूत्रपिंडात कर्करोगाची गाठ असावी, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "ऑपरेशनपर्यंत पोट कुणी दाबायचं नाही. गाठ फुटली तर पेशी पोटभर पसरतील."

माझे वडील नारायण पेठेतल्या शाळेतून निवृत्त झालेले, शास्त्राचे शिक्षक. मुलीला रुग्णालयात दाखल केल्यावर त्यांनी तिच्या खाटेला पुठ्ठा टांगला : 'या मुलीच्या पोटास हात लावू नये. गाठ आहे याची आम्हांस कल्पना आहे.' शिकाऊ डॉक्टरांचा घोळका आला, पुठ्ठा वाचला आणि पुढच्या खाटेकडे गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "राहू द्या."

वडिलांनी त्यांनाच विचारलं, "हे होतं कशानं?"

त्या खुर्ची ओढून बसल्या. गर्भात मूत्रपिंड घडताना पेशींना वाढायला सांगणारं एक प्रथिन असतं. ते पेशीला बाहेरून चिकटतं. मग आतली प्रथिनं तो निरोप एकमेकांना देत थेट केंद्रकापर्यंत पोचवतात. मूत्रपिंड तयार झालं की हे शांत व्हायला हवं. "हिच्या काही पेशींत बहुधा ते थांबलंच नाही. ते प्रथिन साधारण इन्सुलिनसारखं असतं."

"म्हणजे साखर बंद करायची?"

"नाही."

"दूध?"

"नाही."

मग बायको म्हणाली, "मी आठव्या महिन्यापर्यंत कॉम्प्युटरवर काम करत होते. सासूबाई म्हणतात, त्या किरणांनी..."

"नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्यामुळे काहीही झालेलं नाही."

बायको तेव्हा पहिल्यांदा रडली. वडील खिडकीबाहेरचं पार्किंग बघत राहिले. घरी गेल्यावर त्यांनी माझ्या आईला तो निरोपाचा सगळा धडा दोनदा समजावला. किरणांचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी ऑफिसात सांगितलं की मी जात नाही. मॅनेजर म्हणाले, "अशी संधी परत येईलच असं नाही." मी म्हटलं, "बरं." माझ्या जागी शेजारच्या टेबलावरचा गेला. तो अजून तिकडेच आहे.

ऑपरेशनमध्ये गाठीसकट उजवं मूत्रपिंड काढलं. मग कित्येक महिने सलाइनमधून औषधं चालली. केस गेले, उलट्या झाल्या. मुलगी नर्सचं नाव विचारायची आणि नर्सने सांगितलं की त्या नावाने हाक मारून म्हणायची, "सुई नको."

पुढे ती बरी झाली. पहिलीत असताना शाळेतून बोलावणं आलं. आपल्याला एकच मूत्रपिंड आहे आणि बाकी सगळ्यांना एक जास्तीचं आहे, असं तिने वर्गात सांगितलं होतं. दोन मुलं घाबरून रडली होती. वर्गाच्या बाईंनी आम्हाला विचारलं, हे खरं आहे का?

"खरं आहे," बायको म्हणाली.