निळ्या गोळीतली वीज

बुधवारी सकाळी अकरा वाजता कोल्हापुरातल्या विद्यापीठात आमच्या विभागात एका निळ्या गोळीतून वीज वाहिली. दुपारी एक वाजता विभागप्रमुखांनी वर्तमानपत्रांना प्रेस नोट पाठवली.

मी तिथे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवतो. पूड दाबून केलेली ती चपटी गोळी होती पॉलिअ‍ॅनिलिनची, म्हणजे वीज वाहू शकणाऱ्या प्लॅस्टिकची. त्याचे तंतू केसाच्या हजाराव्या भागाइतके बारीक असतात. अ‍ॅसिड दिलं की हे प्लॅस्टिक हिरवं होतं आणि वीज वाहतं. अ‍ॅसिड काढलं की निळं पडतं आणि वीज थांबते. निळ्यातून वाहिली, तर तो शोधच.

गोळी केली होती गडहिंग्लजच्या स्नेहलनं. तिला पीएचडीचा प्रबंध महिनाअखेर द्यायचा होता. त्यात हा शोध नवं प्रकरण म्हणून घालायचा, असा विभागप्रमुख सरांचा हुकूम सुटला.

गुरुवारी ती माझ्याकडे आली.

"दादा, दुसरी गोळी केली. त्यातनं कायबी जात न्हाय."

"कालची कुठली होती?"

"तुमच्याकडनं फोटो काढून परत आलेली. सॅम्पल संपलंतं, मग तीच मीटरला लावली."

वीज न वाहणाऱ्या नमुन्याचा मायक्रोस्कोपमध्ये फोटो नीट येत नाही. म्हणून मी आधी त्यावर सोन्याचा थर देतो. तो इतका पातळ असतो, की गडद गोळीवर डोळ्यांना कळत नाही. मीटरला कळतो.

"गोळी उलटी कर," मी म्हणालो.

उलट्या बाजूनं मीटरवर काही आलं नाही.

आम्ही सरांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, त्या गोळीवर सोनं हाय. मीच लावलंय. वीज त्यातनं गेली."

"किती लावलंय?"

"दहा नॅनोमीटर."

"एवढंसंच की! त्यानं काय हुतंय?"

"जे झालं ते त्यानंच झालं, सर," स्नेहल म्हणाली.

"शनिवारी माझा सत्कार हाय, पोरी. पावणं बोलावल्यात. प्रकरण तसंच घाल, खाली एक तळटीप टाक."

"काय लिहू तळटीपेत? सोन्यातनं वीज जाते म्हणून?"

सरांनी फॅन वाढवला.

शनिवारी सत्कार झाला. सरांनी फेटा बांधला, भाषण केलं. स्नेहलनं प्रकरण घातलं नाही. सरांनी तिच्या प्रबंधावरची सही सहा महिने लांबवली. शेवटी तिनं गोळीच्या दोन्ही बाजूंची मापं जोडून वर कुलगुरूंकडे अर्ज केला. सही दुसऱ्या दिवशी मिळाली आणि पुढे प्रबंध मंजूर झाला.

सही मिळाली त्याच आठवड्यात सरांचं एका कॉलेजात व्याख्यान झालं. विषय होता : मोजमापातली अचूकता.