कावेरीच्या हातची आंघोळ

शारजात, अल मजाजला आमच्याच इमारतीत, नवव्या मजल्यावर, कावेरी एका म्हाताऱ्या फ्रेंच मॅडमला सांभाळायची. गुहागरकडची विधवा बाई. चौदा वर्षं रोज अकराच्या ठोक्याला मॅडमची आंघोळ, हे तिचं मुख्य काम.

मॅडमच्या बाथरूमबाहेर एक चित्र होतं. शंभरेक वर्षांमागं तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं, असं मॅडमनंच तिला सांगितलेलं. पसरट टबात एक उघडी बाई पाठमोरी वाकून मान चोळतेय, दुसरी वरून पाणी ओततेय. ओतणारीचे नुसते हात, चेहरा कागदाबाहेर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आपला माझाच पदर सावरला.

“काकू, ते हात माझे,” कावेरी म्हणाली. “तिलाही शुक्रवारची सुट्टी नसणार.”

नव्व्याण्णवच्या जूनमध्ये तिच्या आईनं अंथरूण धरलं. भावाचा फोन आला, कावेरीशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नाही, आंघोळीवाचून पडलीय. इकडं मॅडमचंही तेच. कावेरीचा पासपोर्ट मॅडमच्या कपाटात.

मी म्हटलं, “मी घालते तिला. चार पोरं, सात नातवंडं न्हाऊ घातलीत. एक मॅडम काय जड आहे?”

वर गेले. मॅडमनं हसून कॉफी दिली आणि बाथरूमचं दार माझ्या तोंडावर लावलं. भिंतीवरची उघडी बाई सगळ्यांनी बघायची, हिला मात्र माझी लाज. पण राग येईना. मी तरी सुनेला कुठं आत घेतलं असतं?

तीन दिवस दाराशी बसून आले. चौथ्या दिवशी मॅडमनं मला आत घेतलं, आणि पासपोर्ट काढून दिला. गुरुवारचं तिकीट मिळालं.

बुधवारी सकाळी फोन आला, आई गेली. फार वेळ ठेवता येत नाही, दुपारीच नेणार.

कावेरी खाली माझ्याकडे आली. सुतकाची आंघोळ गार पाण्याची, आणि जूनमध्ये इथला गार नळ चटके देतो. गिझर बंद ठेवून त्यात निवलेलं पाणी मी बादलीत काढलं. ती गाऊनसकट स्टुलावर वाकून बसली.

“मला कुणी पाणी घातलं त्याला तीस वर्षं झाली असतील, काकू.”

“बोलू नको. तोंडात जाईल.”

ती पाठमोरी होती, तेवढं बरं.

अकरा वाजत आले तशी ती केस पुसून उठली.

“आज मी जाते वर,” मी म्हटलं.

“नको. आज मला कुणाला तरी आंघोळ घालू दे.”

सुतकात शिवायचं नसतं, हे मी बोलले नाही.