दहावं नाव

माझी वहिनी कामात असताना हसली, तर समजायचं की ती फार दमली आहे. नणंद म्हणून नाही, तीस वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर इस्त्री करतेय म्हणून सांगते.

लॉन्ड्री माझ्या दादाची. इस्पितळाच्या चादरी, दोन हॉटेलांचे टॉवेल आणि अभ्रे. दिवसभर वाफ, ओल्या कापडाचा वास, आणि संध्याकाळी पायांचे खांब झालेले. मी पगारी. वहिनी मालकीण. मालकीण म्हणजे काय, तर सकाळी आमच्या आधी येऊन बॉयलर सुरू करणारी, आणि आम्ही घरी गेल्यावर मशीनच्या जाळ्या साफ करणारी. कुणी मालकीणबाई म्हणून हाक मारली की म्हणायची, "हो ना, तिजोरी तेवढी कुठे ठेवलीय ती विसरले बघा."

पगारपत्रकात मात्र तिचं नाव होतं. फार पूर्वी कुणीतरी सुचवलं होतं, खर्चात दाखवता येतं म्हणून. महिन्याच्या महिन्याला ती सही करायची आणि पैसे गल्ल्यातच राहायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरचंच तर होतं सगळं.

मग किमान वेतन वाढलं. चांगलं घसघशीत वाढलं. मी तर मनातल्या मनात नव्या चपला घेऊनसुद्धा टाकल्या. दादा मात्र मळक्या चादरींच्या ढिगावर बसून राहिला. वाईट माणूस नाही हो तो. म्हणाला, "द्यायलाच हवेत गं. तुम्ही राबता, मला दिसत नाही का? पण आणू कुठून?"

सरकारने त्याचीही सोय केली होती म्हणे. छोट्या धंद्यांना करात मोठी सूट. पण छोटा म्हणजे नऊ माणसांपर्यंतचा, आणि आमच्या पत्रकात नावं दहा. इथेच घोडं पेंड खात होतं. सूट मिळाली तर वाढीव पगार कसाबसा भागत होता. नाही मिळाली तर वर्षभरात दाराला कुलूप.

एक नाव कमी करायचं तर सगळ्यात नवी होती आमची शिवणवाली. फाटलेल्या चादरींना टाके घालायची. पदरात दोन लहान मुली, मागे कुणी नाही. त्या आठवड्यात तिने एकदाही मान वर केली नाही. शनिवारी हिशेबनीस आला, दादाने घसा खाकरून तिला हाक मारली, आणि आमच्या सगळ्यांच्या इस्त्र्या थांबल्या.

"अहो, तिला कशाला काढताय?" हिशेबनीस म्हणाला. "वहिनींचं नाव कमी करा. त्यांना कुठे पगार लागतो? आणि काम काय, त्या करतातच आहेत."

सुंठेवाचून खोकला गेला! शिवणवाली रडायला लागली. दादा किती दिवसांनी हसला. सगळ्यांनी हुश्श केलं.

वहिनीने इस्त्री बाजूला उभी केली. "नवा पगार किती म्हणालात?"

हिशेबनिसाने आकडा सांगितला.

"म्हणजे माझाही तेवढाच झाला असता."

"अगं, तुझा कागदावरचा," दादा म्हणाला.

"कागदावर तरी होते ना मी," वहिनी म्हणाली, आणि हसली. मग अर्धी राहिलेली चादर तिने पुरी केली, घडी घातली, आणि घरी गेली.

सोमवारी बॉयलर थंडगार. दादा तणतणत घरी गेला, मी मागोमाग. वहिनी गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती.

"अगं, रुसलीस की काय?"

"रुसायलाही जोर लागतो हो. नाव काढलंत ना? मग मी कामावर नाही. संपलं."

येईल चार दिवसांनी, असं दादा सगळ्यांना सांगत राहिला. चार गेले, आठ गेले. तिच्या जागी दुसरं कुणी घ्यावं, तर पुन्हा दहावं नाव. मग तिच्या टेबलाशी स्वतःच उभा राहिला, आणि दोनदा हात भाजून घेतला. तोवर वहिनीला इस्पितळाच्या कपड्यांच्या कोठीत काम लागलं होतं. ठरलेले तास, बसायला खुर्ची, आणि नवा पगार. आमचीच गाठोडी तिच्या हातात जायला लागली. पहिल्याच दिवशी तिने सात चादरी परत पाठवल्या. डाग निघाले नाहीत म्हणून.

"घरभेदी!" दादा ओरडला.

मी म्हटलं, "ओरडू नकोस. ती इथे होती तेव्हा हेच डाग परत घासत बसायची, म्हणून कधी परत आले नाहीत." नणंदेने भावजयीची बाजू घेतलेली पाहून इस्त्रीवाल्यांनीसुद्धा माना वळवल्या. वळवा म्हटलं, मेल्यांनो.

तिचा पहिला पगार झाला त्या संध्याकाळी आम्ही तिघं घरात होतो. तिने चपलाही काढल्या नव्हत्या, पाकीट मांडीवर होतं. दादा पट्टी बांधलेला हात चोळत म्हणाला, "पुरे झालं आता. परत ये. पगार देतो. कायद्याप्रमाणे, पुरा."

"नावावर?"

"नावावर."

वहिनीचा चेहरा असा काही उजळला की मला भरून आलं. या एवढ्या एका शब्दासाठी बाईने तीस वर्षं वाट पाहिली होती. मग तोच हळूहळू विझला.

"म्हणजे मी पुन्हा दहावी. तुमची सूट जाणार. मग काढणार कुणाला, त्या पोरीला?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं दादाचं. तिला नाही काढणार म्हणाला असता तर बरं वाटलं असतं, पण तेही त्याला म्हणता येईना.

"नको मग," वहिनी म्हणाली. "आहे ते बरंय."

मग दादा खालच्या आवाजात म्हणाला, "सकाळी तासभर नुसती येशील का गं? तो बॉयलर मला जमत नाही."

वहिनीने डोळे मिटून घेतले. मला तिच्याकडे बघवेना. रागही आला आणि त्या भाजलेल्या हाताची कीवही आली. मी उठले, म्हटलं, "चल दादा, मी शिकते तुझा बॉयलर."

दाराशी पोचले तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"वन्सं, जादा तासांचे पैसे आधी ठरवून घ्या."