‘बघू’ म्हणजे नाही

शेखरचा फोन आला तेव्हा मी पोळ्यांची कणीक मळत होते. हात भरलेले, म्हणून करंगळीनेच फोन स्पीकरवर टाकला. “स्वाती, वृंदा गेली,” तो म्हणाला. आणि मी विचारलं, “कुठे?”

आज सात आठवडे झाले, तरी तो ‘कुठे?’ माझ्या डोक्यातून जात नाही. नवरा आपली बायको गेल्याचं सांगतोय आणि मी पत्ता विचारतेय. पण खरं सांगायचं तर मला दुसरं काही सुचलंच नसतं. वृंदाच्या पायाला भिंगरी होती. सकाळी ती इथे, आयर्लंडमधल्या आमच्या नास गावात दिसायची, दुपारी फोन केला तर डब्लिनच्या कुठल्यातरी वाचनालयातून कुजबुजत बोलायची, संध्याकाळी माझ्या ओट्यापाशी उभी. शेखर म्हणाला, “हॉस्पिटलमध्ये. डोक्यात रक्तस्राव झाला. सकाळीच.” चव्वेचाळीस वर्षांची होती. आदल्या दिवशी आम्ही कालव्याकाठी तासभर चाललो होतो आणि तिला माझा वेग नेहमीप्रमाणे पसंत पडला नव्हता. कणीक तशीच परातीत राहिली, संध्याकाळी मंदारने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ती टाकून दिली.

मी नासला आले ती २०१४ मध्ये, मंदारच्या नोकरीमागून, दोन सुटकेसा आणि एक पोळपाट घेऊन. तो सकाळी क्लोनडॉकिनला ऑफिसात जायचा आणि मी खिडकीतून समोरच्या एकसारख्या घरांकडे बघत बसायचे. तिसऱ्या दिवशी दार वाजलं. आमच्यापासून तीन घरं सोडून राहणारी एक उंच बाई, हातात डबा, पायात चिखलाचे बूट. आत आली, डबा ठेवला, बस म्हटलं तरी बसली नाही. “घरात बसून कंटाळा येत असेल ना? उद्या माझ्याबरोबर चालायला येशील?” मी म्हटलं, “बघू.” तिचा चेहरा एकदम उजळला. तिने कोटाच्या खिशातून एक वही काढली आणि माझ्यासमोर उभ्या उभ्या माझा ‘बघू’ तीत लिहून घेतला. वर विचारलं, “म्हणजे नाही ना?” मला राग आला. ओळख नाही, पाळख नाही, आणि माझे शब्द टिपून घेते म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी केवळ तिला खोटं पाडायचं म्हणून मी चालायला गेले. मग पाच वर्षं जात राहिले.

त्या वहीची गोष्ट अशी. वृंदा पुण्यात जपानी शिकली होती. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना तोटा नाही, पण ही शिष्यवृत्ती मिळवून थेट जपानमधल्या विद्यापीठात गेली, चोविसाव्या वर्षी, एम.ए. करायला. परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातली खोली, इतकी लहान की हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं लागायची. सकाळी वर्ग, दुपारी डबे भरायच्या कारखान्यात अर्धवेळ काम, आणि आठवड्यातून एकदा नाकागावा सरांकडे चर्चेचा तास, जिथे सगळे ठरलेल्या जागी बसायचे आणि सर अगदी शेवटी बोलायचे. पहिल्या दिवाळीत तिने मजल्यावरच्या अकरा जणींना जेवायला बोलावलं. सगळ्या गोड हसून म्हणाल्या, जमलं तर येऊ. हिने बारा जणींचा मसालेभात रांधला. सामायिक स्वयंपाकघरात चटया अंथरून वाट बघत बसली. एकही आली नाही. तीन दिवस ती तोच भात खात होती आणि रडत होती. चौथ्या दिवशी सरांना विचारलं, माझं काय चुकलं? सर म्हणाले, ‘जमलं तर येऊ’ म्हणजे येणार नाही. तुमच्या भाषेत असं म्हणत नाहीत का? “आणि स्वाती, मी पुण्याची,” ती सांगायची, “लहानपणापासून घरात ऐकलेलं. जमलं तर येते म्हणाली की आईने कधी पाऊल उचललं नाही. पण परक्या भाषेत मला ते खरं वाटलं.” त्या भातातूनच तिचा प्रबंध निघाला. ‘नाही’ हा शब्द न वापरता माणसं नाही कसं म्हणतात, जपानीत आणि मराठीत.

जपानी माणूस म्हणतो, ‘चोत्तो…’ म्हणजे ‘थोडंसं…’, आणि वाक्य तिथेच सोडून देतो. पुढचं ‘अवघड आहे’ ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. आपण ‘बघू’ म्हणतो, ‘विचारून सांगते’ म्हणतो. प्रबंधाची पाच प्रकरणं ठरली होती, तीन झाली, आणि वडिलांना पक्षाघात झाल्याची तार… तार कसली, फोन, पण ती तारच म्हणायची. सहा महिन्यांत परत येते असं सरांना सांगून निघाली. मग वडिलांचं आजारपण, मग लग्न, मग इरा, मग शेखरची नोकरी आणि आयर्लंड. सहा महिन्यांची सतरा वर्षं झाली. वही मात्र बंद झाली नाही. इथे तर तिला सोन्याची खाणच सापडली. एका प्लंबरने गुरुवारी येशील का विचारल्यावर “आय विल, या” म्हटलं, आणि ही बिचारी गुरुवारभर घरात थांबली. शेजारणीने समजावलं, अगं, आमच्याकडे ‘आय विल, या’ म्हणजे मुळीच नाही. वृंदाला पाणी गळणाऱ्या सिंकचं काही वाटेना, ती आनंदाने माझ्याकडे धावत आली. चहाचंही तसंच. इथे विचारलं तर “आह नो, आयम ग्रँड” म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा कप पुढे करायचा. “आपल्याकडच्या आग्रहासारखंच,” ती म्हणायची. “जगात तीनच शहाण्या जमाती आहेत, आणि तिघींत मी राहून आले.”

हे सगळं हसत सांगायची, पण तिचं हसणं कुठेही टिकून बसत नसे. जेवताना उठायची, सिनेमा अर्ध्यावर सोडायची, चार दिवसांत स्वयंपाकघराचा रंग बदलायची. एकदा मी वैतागून म्हटलं, अगं, जरा टेक की. ती म्हणाली, “माझं एक वाक्य अर्धवट राहिलंय, कशी टेकू?” मला वाटलं, विनोद करतेय.

२०१७ च्या सप्टेंबरात नाकागावा सरांची मेल आली. जुन्या विद्यार्थिनीला पुन्हा प्रवेश देता येईल. पण एप्रिलपासून पूर्ण वर्ष तिथे राहून प्रबंध द्यायला हवा, कागद नोव्हेंबरअखेर पाठवायला हवेत. आणि ते वर्ष संपलं की सर निवृत्त होणार. म्हणजे हीच एक संधी. शेखर लगेच तयार झाला. अडचण एकच. त्याचं ऑफिस लिमरिकला, सोमवारी पहाटे गाडी काढायची आणि गुरुवारी संध्याकाळी परत. इरा तेव्हा बारा वर्षांची, नुकतीच नव्या शाळेत रुळलेली. तिने चार दिवस कुठे राहायचं?

वृंदा दुपारी चारच्या सुमाराला आली आणि प्रेसला टेकून उभी राहिली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. एरवी आडून आडून बोलण्यावर प्रबंध लिहिणारी ही बाई त्या दिवशी सरळ म्हणाली, “सोमवार ते गुरुवार इरा तुझ्याकडे राहील का? एक वर्षभर.”

मी म्हटलं, “बघू गं. मंदारला विचारते.”

“हो हो, विचार ना,” ती म्हणाली, आणि चहा न घेता गेली.

तिसऱ्या दिवशी मंदारला विचारलं. तो लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाला, “राहू दे की. एक पोळी जास्त लाट.” मी वरची लहान खोली आवरली. इस्त्रीचं टेबल बाहेर काढलं, सुटकेसा माळ्यावर टाकल्या, निळ्या फुलांची एक चादरसुद्धा आणली. आणि वृंदाला काही सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, ती परत विचारेल, तेव्हा सांगू. आमच्या घरात पहिल्या खेपेला कोणी लाडूसुद्धा उचलला नाही. तिने पुन्हा विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते, याबद्दल मला तेव्हा जराही शंका नव्हती. आता आहे. कारण आठवडा गेला, दुसरा गेला, आम्ही रोज चालायला जात होतो, ती हवामानापासून हळदीपर्यंत सगळं बोलत होती, आणि त्या विषयावर अवाक्षर नाही. मधूनच बोलता बोलता थांबून माझ्याकडे बघायची. मग मीच काहीतरी भलतं काढायचे. मी स्वतःची समजूत घातली होती की तिला कळलंय. ‘बघू’चा अर्थ सगळ्या जगाला शिकवणारी बाई, तिला माझा कळणार नाही? तिने ‘नाही’ ऐकलंय, समजूतदारपणे सोडून दिलंय, आता कशाला उकरून काढा? असं म्हटलं की बरं वाटायचं. झोप मात्र नीट लागत नव्हती.

डिसेंबरात एक दिवस ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, “यंदा राहिलंच बघ जायचं.” मी म्हटलं, “अगं, पुढच्या वर्षी जा.” “पुढच्या वर्षी सर नसतील,” ती म्हणाली, आणि इराच्या मोज्यांची जोडी शोधायला लागली. त्याच दिवशी घरी येऊन मी इस्त्रीचं टेबल परत वरच्या खोलीत नेऊन ठेवलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पुढचं वर्ष ती आणखीच अस्वस्थ होती. पोहायला शिकली, सोडलं. वाचनालयात मुलांना जपानी शिकवायला लागली, चार आठवड्यांनी तेही सोडलं. एकदा शेखरचा चार्जर घरी राहिला म्हणून गाडी काढून लिमरिकला गेली, तो त्याच्या हातात दिला आणि कॉफीही न पिता परत आली. मी तिला चिडवायचे, हसायचे. तिला काय होतंय ते विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, ही भीती होती.

गेल्या शनिवारी शेखरने मला तिचे कागद बघायला बोलावलं. त्याच्याने होईना. तो खाली बसून राहिला, मी आणि इरा वरच्या खोलीत जमिनीवर खोकी उघडून बसलो. इरा आता चौदाची झालीय. मराठी सगळं कळतं, वाचता येत नाही, आणि बोलते ती इथल्या मुलींसारखं इंग्रजी. एका खोक्याच्या तळाशी मोठं तपकिरी पाकीट निघालं. वर विद्यापीठाचा पत्ता, वृंदाच्या नेटक्या जपानी अक्षरात. आत सगळे अर्ज भरलेले, सह्या केलेल्या, फोटो चिकटवलेले. पाकिटाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने मराठीत काही लिहिलं होतं.

“व्हॉट्स दॅट से?” इराने विचारलं.

मी वाचून दाखवायला लागले. वर लिहिलं होतं, ‘इरा, सोम ते गुरु.’ त्याखाली, ‘मंजिरी: सासूबाई येणार आहेत. नाही.’ त्याखाली, ‘केटीची आई: वी विल सी म्हणाली. म्हणजे नाही.’ मंजिरी वृंदाच्या ओळखीतली, केटी ही इराची वर्गमैत्रीण. इरा हसली, म्हणाली, बरोबर ओळखलं आईने. मग तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि मला ती वाचावी लागली.

‘स्वाती: बघू म्हणाली. थांबू.’

म्हणजे तिने माझा ‘बघू’ खरा धरला होता. सतरा वर्षं ज्या शब्दाची चिरफाड केली, तो एकट्या माझ्या तोंडून आला तेव्हा त्याचा अर्थ बघू असाच घेतला. नोव्हेंबर संपेपर्यंत ती माझ्या उत्तराची वाट बघत होती, रोज माझ्याबरोबर चालत होती, आणि मला अवघड वाटू नये म्हणून विचारत नव्हती.

“अँड?” इरा म्हणाली. “डिड यू सी?”

“हो,” मी म्हटलं. “तिसऱ्याच दिवशी.”

“सो व्हाय डिडन्ट यू टेल हर?”

तिने परत विचारलं नाही म्हणून, हे उत्तर माझ्याकडे दीड वर्ष तयार होतं. ते तोंडापर्यंत आलंही. पण त्या पाकिटासमोर ते बोलवेना. “मला ती जायला नको होती,” मी म्हटलं. “मला इथे दुसरं कोणी नव्हतं.”

इरा बराच वेळ पाकिटाच्या कडेवरून नख फिरवत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, “आय डिडन्ट वॉन्ट हर टु गो आयदर. आय टोल्ड हर दॅट, लाइक. वन्स.”

मग आम्ही दोघींनी अर्ज नीट लावून आत ठेवले. पाकीट उलटं केलं. पत्त्याच्या वर, उजव्या कोपऱ्यात, तिकिटं लावलेली होती.