थाप मारल्यावर

धोंडाबाईच्या बापाची, बाजीची, कासार आंबोलीत तालीम होती. पोर एकटीच मेंढरं घेऊन टेकडीवर जाते, म्हणून त्यानं तिलाही हाताचा एक पेच शिकवला होता.

"आधी खांदा जखड, मग कोपर ताण. जोर सगळ्यात शेवटी. आन् समोरच्यानं थाप मारली, हार मानली, की लगीच सोडायचं."

जोडीदारानं थाप मारूनही त्याचा हात सोडला नाही, म्हणून बाजीनं भैरूला तालमीतून हाकललं होतं.

एकोणीसशे सव्वीसच्या माघात, भर दुपारी, तोच भैरू टेकडीवर तिच्यापुढं उभा राहिला. कमरेला कोयता.

"तुझ्या बापानं चारचौघांत माझी अब्रू घेतली," म्हणत त्यानं तिचं मनगट धरलं.

धोंडाबाईनं हात ओढला नाही. उलट त्याचंच मनगट धरून पाठीवर पडली. तो झोकांडी खाऊन तिच्याबरोबर आला. कोयता निसटून गवतात पडला. त्याचा हात तिनं दोन्ही मांड्यांत आवळला, एक पाय छातीवर, एक मानेवर टाकला आणि कंबर जराशी उचलली.

भैरू कळवळला. मोकळ्या हातानं त्यानं तिच्या पायावर थाप मारली. "सोड! हरलो!"

सोडायचं? सोडल्यावर हा उठणार. ती ना सोडू शकली, ना दाबू शकली. तेवढ्यात दिसलं, त्याची मोकळी बोटं गवतातून कोयत्याकडं सरकत होती.

डोळे मिटून तिनं कंबर वर लोटली. कोपर कडकन वाजलं.

त्याला किंचाळत लोळताना सोडून ती मेंढरांसकट पळत घरी आली आणि बापाला सगळं सांगितलं.

"थाप मारल्यावर मोडलास?" बाजीनं विचारलं.

"व्हय. दुसरा हात कोयत्यावर व्हता त्येचा."



तिसऱ्या दिवशी भैरूची आई त्याला घेऊन त्यांच्याच दारात आली. आसपासच्या वाड्यांत हाड बसवणारा बाजीच होता. त्यानं भैरूला ओसरीवर बसवलं आणि आत हाक मारली, "धोंडे, त्याल गरम कर."

गरम तेलाची वाटी घेऊन ती उंबऱ्यापर्यंत आली. तिला बघताच भैरू भिंतीला टेकला. तिनं वाटी उंबऱ्यावरच ठेवली, दार लोटून आतून कडी घातली आणि भैरू घराखालच्या ओढ्यापलीकडं जाईपर्यंत कडीवरचा हात काढला नाही.

पुढं दोन वर्षं तिनं मेंढरं त्या टेकडीवर नेली नाहीत.